नानांच्या नावाची मूठ

श्रावण आला हे मला आकाशाकडे बघून कळत नाही. धुळ्यातल्या आमच्या गल्लीतला गिरणीवाला गिरणी धुवायला काढतो, तेव्हा कळतं. नागपंचमीनंतरच्या रविवारी आम्हा खानदेशकरांची देवी कानबाई घरी बसते आणि तिच्या रोटांचं, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांचं, पीठ धुतलेल्या गिरणीवरच दळायचं असतं. "धुई शे ना ताई, सकायलेच," असं तो दरवर्षी सांगतो आणि मी दरवर्षी आत बोट फिरवून बघते. कोपऱ्यात ज्वारीचं शिळं पीठ असतंच. तो कपाळाला आठ्या घालून पुन्हा धुतो. मग ओल्या दगडाचा, तापलेल्या पट्ट्याचा आणि पहिल्या गव्हाचा मिळून एक वास उठतो. तो वास आला की माझा श्रावण सुरू.

घरचे मला संशयी म्हणतात. मी स्वतःला तपासणारी म्हणते. शाळेच्या कार्यालयात इतकी वर्षं काढली, तिथे लोक बोलतात एक आणि कागद सांगतो दुसरंच. त्यामुळे नारळ मी हलवून घेते, तूप हुंगून घेते, आणि "येतो म्हणजे येतोच" म्हणणाऱ्या पाहुण्याचं पान लगेच मांडत नाही. सणाची यादी करते, तिच्यावर खुणा करते. यादीशिवाय कानबाई होत नाही, निदान आमच्या घरी तरी.

रोटांची रीत मात्र यादीत बसणारी नाही. कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचा. तो सोनगीरला असो, पुण्याला असो, नाहीतर भांडून तोंड फिरवून बसलेला असो. नाव उच्चारायचं आणि मूठ टाकायची. बायकांच्या नावाची मूठ नसते, मुठी टाकायचं काम तेवढं बायकांचं. सगळा गहू एकत्र होतो, एकत्र दळला जातो आणि त्या पिठाचं जे काही होतं ते फक्त भाऊबंदांनीच खायचं. कुळात कुणी गेलेलं असलं, सुतक असलं, तर त्या वर्षी रोट नाहीत. मग गहू नाही, गिरणी नाही, काही नाही.

दोन नावांशी माझा हात दरवर्षी थोडा थबकायचा. एक नानांचं आणि दुसरं राकेशचं. नाना म्हणजे माझे चुलत सासरे, दीपनगरच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले आणि तिथेच जवळ घर बांधून राहिलेले. राकेश त्यांचा एकुलता एक मुलगा. दोघंही बरीच वर्षं कानबाईला येत नव्हते आणि एकमेकांशी बोलतही नव्हते. तरी माझ्या सासूबाई, ज्यांना सगळं गाव अक्का म्हणतं, सुपाजवळ बसून मोठ्यानं नाव घ्यायच्या आणि मी मूठ टाकायचे. दोघांच्या मुठी सुपात शेजारी शेजारी पडायच्या.

राकेशला आज बरेच लोक चेहऱ्यानं ओळखतात, नावानं कमी. मालिकेतला हवालदार, सिनेमातल्या मोठ्या गुंडाच्या मागे उभा असलेला, एकच वाक्य वाट्याला आलेला गुंड, मोबाइलवरच्या एका मालिकेत बऱ्यापैकी लांबीचा सरपंचाचा भाऊ. पण आमच्या भागात तो अजून ‘पऱ्हाटी’. कापूस वेचून झाल्यावर शेतात उभी राहते ती वाळकी काडी, पऱ्हाटी. ठिणगी पडली की भडकते. हे नाव त्यानं स्वतःच घेतलं होतं, अहिराणीत रॅप करायला लागला तेव्हा. त्याच्याआधी कुणी केलं असेल तर मला माहीत नाही. मी तरी ऐकलं नव्हतं, आणि मी शोधलं होतं.

तेव्हाही लोकांना त्याचा संशयच होता. दीपनगरच्या कॉलनीत वाढलेला मुलगा. तिथे वीजकेंद्राचा घरघराट रात्रंदिवस, दोरीवरच्या पांढऱ्या कपड्यांवर राखेची बारीक पूड, आणि पोरांच्या तोंडी हिंदी. त्या बाजूची बोलीही आमच्यापेक्षा वेगळी. अहिराणी त्याला मिळाली ती श्रावणातल्या सुट्टीत, सोनगीरला, आमच्या मूळ घरी, अक्कांच्या चुलीपुढे. बाकीची मुलं किल्ल्यावर पळायची आणि हा अक्कांच्या मागे. अक्का कुणाला तरी झापत असायच्या, कारण त्या नेहमीच कुणाला तरी झापत असतात. हा म्हणायचा, "अक्का, परत म्हण ना, तसंच." त्या परत म्हणायच्या, आणखी तिखट लावून. मला ते तेव्हापासून खटकायचं. दुसऱ्याचं बोलणं इतकं मन लावून ऐकणारा माणूस त्याचं पुढे काय करतो, हा माझा प्रश्न होता.

पहिलं गाणं त्यानं सोनगीरच्या मधल्या खोलीत रेकॉर्ड केलं. खिडकीला गोधड्या टांगल्या, पंखा आवाज करतो म्हणून बंद, गव्हाच्या डब्यावर मोबाइल उभा केलेला. आतून घामानं निथळत बाहेर आला आणि पाणी मागितलं. मला वाटलं, झालं याचं खूळ. काही दिवसांनी शाळेच्या व्हरांड्यात मुलांचं कोंडाळं दिसलं. मोबाइल जप्त करायला गेले, तर त्या मोबाइलमधून माझी सासू बोलत होती. आवाज राकेशचा, पण झापणं शंभर टक्के अक्कांचं. "नयले पानी येत नही, बॅनरवर फोटू येस," इथून सुरू करून पुढे श्वास न घेता रस्ता, दिवा, कापसाचा भाव, बठ्ठा, म्हणजे सगळंच. मुलं मान हलवत होती. मी मोबाइल जप्त केला आणि कार्यालयात दार लावून पूर्ण ऐकला.

अक्कांना ऐकवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून एवढंच म्हटलं, "शब्द मना शेतस, पन मी इतली घाई घाई बोलत नही."

मग काही वर्षं तो सगळीकडे होता. लग्नाच्या डीजेवर, सहा आसनी रिक्षांत, पिंपळनेरच्या बाजारात कपड्यांच्या दुकानापुढे. त्याच्या बोलण्यातलं एकही वाक्य कुणाला खोटं ठरवता आलं नाही. नळाला पाणी नव्हतंच. ज्यांना राग आला त्यांनाही राग आवाजाचा आला, मजकुराचा नाही. नानांचा राग मात्र वेगळा. मुलानं वीजकेंद्रात शिकाऊ म्हणून लागायचं सोडलं आणि ‘मोबाइलवर वरडत’ फिरायला लागला, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. भाऊबंदांत तोंड कसं दाखवू म्हणून त्यांनी कानबाईला येणं सोडलं. नाना येत नाहीत तर मी कसा येऊ, म्हणून राकेशनंही सोडलं. फोन मात्र दोघं मला करायचे. एकमेकांचं नाव कुणी काढायचं नाही. फोन ठेवता ठेवता दोघंही विचारायचे, "बाकी बठ्ठा बरा शेतस ना?" त्या ‘बठ्ठा’मध्ये कोण आहे ते मला कळायचं. मी म्हणायचे, बरे आहेत.

नट झाल्यावर अडचण सुरू झाली. पहिल्या मोठ्या मालिकेत त्याला गोळी लागली. अक्का टीव्हीपुढे बसल्या होत्या. तो रस्त्यात पडला, तोंडातून रक्त आलं, डोळे उघडेच राहिले. अक्का जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यानं आनंदानं फोन केला, "अक्का, पाहिलं का?" अक्कांनी फोन कानापासून लांब धरला, त्याच्याकडे बघितलं आणि माझ्या हातात दिला. त्या दिवसापासून त्यांचा त्याच्यावरचा भरवसा गेला. मेलेला माणूस दुसऱ्या दिवशी हसत बोलतो, मग त्याचं खरं काय आणि खोटं काय? मी त्यांना समजावलं. पण त्यांचा मुद्दा मला पटला होता. गाणं म्हणायचा तेव्हा त्याच्या तोंडावर जे असायचं तेच पोटात असायचं. आता रडला तरी आपण बघतो की छान रडतोय का.

आणि मग तो श्रावण. अजून मला आधी पीठच दिसतं. सोनगीरच्या घरात मोठ्या परातीत मळून ठेवलेलं, वर ओलं फडकं. केळीचे खांब उभे केलेले, चौरंगावर नारळाच्या कानबाईला नथ घालायची बाकी. पुरण वाटून झालं होतं. अंगणात लाल भोपळ्याची सालं पडली होती आणि त्यांच्याभोवती माशा. हायवेवरच्या ट्रकचा आवाज वाऱ्याबरोबर यायचा आणि जायचा. रविवारची सकाळ, यादीतल्या जवळजवळ सगळ्या खुणा करून झालेल्या. राकेश येतो म्हणाला होता. मी त्याचं पान मांडलेलं नव्हतं.

तो फाटकातून आत आला.

डोक्यावर एक केस नाही. मिशी नाही. दाढी साफ. मागे शेंडीएवढी बट. आमच्याकडे पुरुष असा दिसला की कुणी विचारत नाही काय झालं, विचारतात कोण गेलं. आणि ज्याची आई आधीच गेलेली, त्याचं दुसरं कोण जाणार? माझी चुलत जाऊ हातातलं तूप खाली ठेवून उभी राहिली. मी परातीकडे बघितलं. त्या पिठात नानांच्या नावाची मूठ होती. ती आता वेगळी काढता येणार नव्हती.

"कोन गयं?" अक्कांनी दारातून विचारलं.

राकेश गोंधळला. हात डोक्यावर गेला. म्हणाला, कुणी नाही, सिनेमाचं काम आहे. कसलं काम, तर तो अडखळला, इकडेतिकडे बघितलं. ते अडखळणं सगळ्यांनी पाहिलं. मी त्याला ओट्याच्या कडेला घेतलं आणि सरळ विचारलं. तो हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, बाप मेलेल्या मुलाचं काम आहे. ते कानबाईच्या दारात कसं बोलू?"

पटण्यासारखं होतं. म्हणूनच मला शंका आली. उत्तर इतकं बरोबर बसलं की मी नेहमी मागचा कागद मागते.

फोन लावले. नाना उचलेनात. मी स्पीकर सुरू ठेवला. बऱ्याच वेळानं उचलला आणि "काय काम शे?" एवढं म्हणाले. राकेश इथे आलाय म्हटलं, तर त्यांनी फोन कट केला. मी सुटकेचा श्वास सोडला, पण अक्का जागच्या हलल्या नाहीत. हा पोऱ्या लहानपणापासून नानाचा आवाज काढतो, फोनमध्ये भरून ठेवला असेल, असं त्यांचं म्हणणं. तो समोर उभा आहे, त्याचे ओठ मिटलेले आहेत, हे मी दाखवलं. त्या म्हणाल्या, टीव्हीतही तो समोरच पडलेला होता.

"फोनवर कोन बी बोली. माले नाना डोयासमोर दखाडा. तवलोंग चुल्हा पेटाव नही."

हसावं असं वाटत होतं आणि कुणी हसत नव्हतं. कारण अक्कांचं चुकलं तर पुरणाची नासाडी, आणि बरोबर निघालं तर मेलेल्या माणसाच्या नावाचे रोट आम्ही कानबाईला दाखवणार. बाहेरगावाहून आलेले सगळे भाऊबंद ओसरीवर बसले होते. त्यांच्यात कुजबुज सुरू झाली. नाना आजारी होते म्हणे. कुणी सांगितलं? कुणीच नाही. याला सण चुकवायचा नसेल, म्हणून लपवलं. नट आहे तो, डोळ्यातलं पाणीसुद्धा याच्या हुकमात. एकानं तर राकेशचं तोंड निरखून बघितलं आणि निकाल दिला की रडलेला दिसतो.

माझ्या नवऱ्यानं, सुभाषनं, गाडी काढली आणि तो नानांना आणायला निघाला. सोनगीर ते दीपनगर म्हणजे धुळे, पारोळा, जळगाव, भुसावळ, सगळा खानदेश आडवा कापायचा. तेवढंच परत. सबंध दुपार आमच्यापुढे पडली होती.

ती दुपार मी कधी कधी अजून आठवत बसते, कार्यालयात, कुणी नसताना. पंगतीच्या दिवशी इतकं शांत घर मी पाहिलं नव्हतं. विझलेली चूल, न उकळलेली आमटी. फडक्यावर मी पुन्हा पुन्हा पाणी शिंपडत होते, पीठ वाळू नये म्हणून. राकेशला आत घेतलं नव्हतं. सुतक असलं तर शिवाशिव नको म्हणून त्याचं पाणी ओट्यावर ठेवलं, हातात दिलं नाही. तो ओट्याच्या टोकाला बसला होता, हायवेकडे तोंड करून. चुलत जावेनं जाता जाता टोमणा मारला, "इतलं चांगलं काम करस भाऊ, बठ्ठा गाव उपाशी बसाडी दिना." तो हसला. ओठ हलत होते त्याचे. पूर्वी गाणं जुळवताना हलायचे तसे, आवाज न करता.

एक गोष्ट तेव्हा नजरेतून गेली आणि मी तिच्यावर खूण केली नाही. खरं बोलणाऱ्या माणसाला खोटं ठरवलं की तो चिडतो. राकेश एकदाही चिडला नाही. उठून निघून गेला नाही. कुणाशी वाद घातला नाही. फक्त रस्त्याकडे बघत बसला.

उन्हं कलली तेव्हा गाडी आली. नाना मागच्या दारानं उतरले. पांढरा शर्ट, टोपी, वाळलेले पण ताठ. सुभाषनं त्यांना एकच निरोप दिला होता: तुम्ही दिसल्याशिवाय अक्का चुलीला हात लावत नाहीत. मुलाला नकार देता येत होता, थोरल्या वहिनीला देता येत नव्हता. अक्का अंगणात आल्या. त्यांनी नानांच्या दंडाला हात लावून बघितला, मग जरा चालून दाखवायला सांगितलं. नाना चालले. सगळे भाऊबंद बघत होते.

"जित्ता शे मी, वहिनी. आते काय नाची दखाडू?"

पहिल्यांदा अक्काच हसल्या. मग ओसरी हसली, मग माझी जाऊ, आणि आत कुणीतरी काडी ओढल्याचा आवाज आला.

नाना वळले आणि त्यांना ओट्यावर मुलगा दिसला. बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. आमच्यात बाप असताना मुलगा मिशी उतरवत नाही. इथे तर डोकंही साफ. नाना जिवंत असूनच आपलं सुतक बघत होते. मला वाटलं, आता उलट्या पावली फिरतात.

"बाप जित्ता शे आनि मिशी काढी टाकी?"

राकेश उभा राहिला होता. म्हणाला, "येई जाई, नाना."

मिशी येईल, एवढंच. मी टीव्हीवर त्याला खूप रडताना पाहिलंय. तेव्हा तो अजिबात चांगला रडला नाही. नाक वाहिलं, तोंड वाकडं झालं, बघवत नव्हतं. नाना न्हाणीच्या दगडावर जाऊन उभे राहिले, धोतर वर धरलं आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "पायवर पानी कोन टाकस?" कळशी माझ्याजवळ होती. मी ती उचलली नाही. राकेशनं उचलली.

रोट झाले. बाप-लेक एका पंगतीत बसले, शेजारी नाही, मध्ये सुभाष. सोमवारी सकाळी कानबाई विसर्जनासाठी पाण्याला निघाली तेव्हा गावातली पोरं राकेशला गाणं म्हण म्हणून ओढत होती. त्यानं म्हटलं. नाना ओट्यावर उभे राहून ऐकत होते, हात पाठीमागे बांधून. नंतर मला म्हणाले, हा फार घाईत बोलतो. अक्कांनी मान डोलावली.

त्यानंतरचं राकेशचं प्रत्येक काम मी पाहिलंय. सिनेमे, मालिका, मोबाइलवरचं, खताची जाहिरातसुद्धा. हवालदार झाला, ट्रक ड्रायव्हर झाला, एकदा वकील झाला. बाप मेलेला मुलगा कुठेच झाला नाही. बोडक्या डोक्यानं तो एकाही चौकटीत नाही. असं होतं म्हणतात, सीन कापतात, सिनेमा डब्यात जातो, ठरलेलं काम केस काढल्यानंतर दुसऱ्याला देतात. तसंही असेल. पण दुसरंही असू शकतं. आपल्या माणसांना तो पुरता ओळखतो. बोडकं डोकं दारात उभं राहिलं तर आम्ही काय समजू, अक्का काय हट्ट धरतील आणि नानांना शेवटी कोण हलवू शकतं, हे त्याला पाठ होतं. आमचंच बोलणं ऐकून तर तो घडला. बापाच्या मरणाचा असा देखावा करायला मन किती दगडाचं लागेल, किंवा किती कासावीस झालेलं, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

मी त्याला विचारलेलं नाही. त्यानं हो म्हटलं तरी माझा विश्वास बसणार नाही आणि नाही म्हटलं तरी बसणार नाही.

काल गिरणीवरून आले आणि नानांचा फोन आला. नाना आता दरवर्षी येतात. राकेश येतोय का, त्यांनी विचारलं, नाव घेऊन. मी म्हटलं, शूटिंग आहे म्हणतो, नक्की नाही. पलीकडे टीव्ही सुरू होता.

"त्याले सांग," नाना म्हणाले, "मनी तब्येत बरी नही."

आवाज ठणठणीत होता. तरी मी लगेच राकेशला फोन लावला आणि आवाज जितका काळजीचा करता येईल तितका केला.